पॅरिसमध्ये पाच रात्री, आई-बाबा आणि रोलाँ गॅरोस: तिकिटांसाठी मदत हवी आहे

ओसरी:
नमस्कार मंडळी. मे अखेरीस आई-बाबांना घेऊन पॅरिसला चालले आहे. गुरुवारी संध्याकाळी पोचतो, मंगळवारी दुपारी परतीचं विमान. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं झालंय. अडलंय ते टेनिसपाशी. त्यातल्या रविवारी रोलाँ गॅरोसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, मुख्य स्पर्धा सुरू होते.

बाबा ६८ वर्षांचे. अजूनही आठवड्यातून तीनदा क्लबवर डबल्स खेळतात. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन व्हायची तेव्हा दरवर्षी जायचे. १९९९ साली पेस-भूपतीने रोलाँ गॅरोसचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, ती गोष्ट आम्ही घरात इतक्यांदा ऐकलीय की मलाही पाठ आहे. नदालचे कट्टर भक्त. तो निवृत्त झाल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसले होते. आईला टेनिसमध्ये काडीचा रस नाही. तिला चित्रं बघायची आहेत आणि तिचे गुडघे दुखतात.

अधिकृत विक्रीत मुख्य कोर्टाची तिकिटं मिळाली नाहीत. आता एका त्रयस्थ साइटवर रविवारची तीन तिकिटं दिसताहेत, पण किंमत तिपटीहून जास्त. पुण्यातला एक एजंट 'व्हीआयपी पॅकेज' म्हणतोय, त्याचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. साइटवरून घेऊ का? आणि उरलेले दिवस कसे लावू?

बॅकहँड:
अजिबात घेऊ नका! रोलाँ गॅरोसची तिकिटं नावावर असतात आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये येतात. फाटकावर नाव आणि ओळखपत्र ताडून बघतात. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन तिथे उभं राहायचं आणि बाबांना परत फिरवायचं, कशाला? कुणाला जमत नसेल तर तो आपलं तिकीट स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पुन्हा विक्रीला काढतो. तिथे रोज दोनदा डोकावत राहा. रात्री उशिरा आणि सकाळी लवकर मला तरी बरं यश आलं होतं.

आणि एक विचारतो, रविवारच कशाला? तुम्ही शुक्रवारी तिथेच आहात. तो पात्रता फेरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जिंकला तो मुख्य स्पर्धेत, हरला तो बहुतेक घरी. पुरुषांत १६ आणि महिलांत १६ जागा असतात. मी दोन वर्षांपूर्वी एका बाहेरच्या कोर्टावर तिसऱ्या रांगेत होतो. पायाखालची माती सरकल्याचा आवाज येतो, खेळाडू स्वतःशी पुटपुटतो तेही ऐकू येतं. टीव्हीवर हे कळत नाही. तिकीट मुख्य स्पर्धेच्या मानाने फारच स्वस्त, शिवाय मोठे खेळाडू सरावाला आलेले असतात. बाबांना आवारातला नदालचा पोलादी पुतळा दाखवा, दहा मिनिटं तरी हलणार नाहीत.

चिंचपाणी:
बॅकहँड यांना +१. मी पॅरिसमध्ये आठ वर्षं राहते. रात्रीच्या सत्राच्या फंदात पडू नकोस, एकच सामना असतो आणि संपेपर्यंत मध्यरात्र होऊ शकते. आईंना ते झेपणार नाही.

आई-बाबा दोघांचं गणित असं जमव. शुक्रवारी बाबांना स्टेडियमवर सोड. मेट्रो १० चं पोर्त दोतॉय किंवा ९ चं मिशेल-आँज ओतॉय, दोन्हीकडून चालत जाता येतं. मग तू आणि आई त्याच ९ नंबरने ला म्युएतला जा. तिथे मार्मोताँ मोने संग्रहालय आहे. चित्रकार मोनेचं 'इंप्रेशन, सूर्योदय' तिथेच टांगलेलं आहे, ज्यावरून इंप्रेशनिझम या चित्रशैलीला नाव पडलं ते. गर्दी लूव्रच्या पासंगालाही नाही आणि बसायला बाकं आहेत.

आता संग्रहालयांच्या सुट्ट्या सांभाळ: ऑर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी बंद. म्हणजे ऑर्से शनिवारी, लूव्र सोमवारी. लूव्रचं ठरावीक वेळेचं तिकीट आधीच काढून ठेव. रविवारी नोत्र-दाम चर्च आणि नदीकाठ, एवढंच.

गुडघ्यांसाठी मेट्रोपेक्षा बस. बऱ्याच जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाही, जिने मात्र भरपूर. ७२ नंबरची बस सेन नदीच्या कडेने जाते, तिकिटाच्या पैशात अर्धं पॅरिस दिसतं. आठवड्याचा पास घेऊ नकोस, तो सोमवार ते रविवारच चालतो. गुरुवारी येणाऱ्याला तोट्याचा.

जेवणाची चिंता नको, ला शापेल भागात श्रीलंकन तमिळांची हॉटेलं आहेत. डोसा चांगला मिळतो, चटणी आपल्यापेक्षा तिखट.

ओसरी:
दोघांचेही मनापासून आभार! शुक्रवारचं सुचलंच नव्हतं, मी आपली रविवारला धरून बसले होते. दोन शंका: बाबांच्या पासपोर्टवर त्यांच्या नावापुढे आजोबांचंही नाव आहे, तिकिटावर कसं लिहू? आणि पाऊस आला तर?

बॅकहँड:
पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण. पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगा, फोटो चालेल या भरवशावर राहू नका. छत फक्त फिलिप शात्रिए आणि सुझान लाँगलाँ या दोन कोर्टांना आहे, बाहेरच्या कोर्टांवर पाऊस आला की खेळ थांबतो. पातळ रेनकोट आणि टोपी दोन्ही द्या. मे महिन्यात एकाच दुपारी दोन्ही लागतात.

चिंचपाणी:
आणि आयफेल टॉवरचे लुकलुकणारे दिवे बघायचे असतील तर बाबांना दुपारी झोपवून ठेव. सूर्यच साडेनऊनंतर मावळतो.

ओसरी:
शुक्रवारचं तिकीट काढलं! बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पात्रता फेरी? म्हणजे खरं टेनिस." आईने मागून विचारलं, तिथे बाक आहेत ना नक्की?