व्हिएन्नातला ऑपेरा ‘आपल्यासाठी नाही’ हे कोणी ठरवलं?

नाटकवेडी:
परवा इथे ‘व्हिएन्ना दीड दिवसात’ असा धागा आला. शेनब्रुन राजवाडा, घोडागाडी, झाखरटोर्ट हा चॉकलेट केक, स्टेफान्सडोम कॅथेड्रलसमोर मोझार्टचा विग घालून उभ्या असलेल्या माणसाकडून मैफलीचं तिकीट, आणि दुसऱ्या दिवशी साल्झबर्ग. स्टेट ऑपेराबद्दल एकच ओळ: ‘सूट लागतो, दोनशे युरो लागतात, कळत काही नाही. आपल्यासाठी नाही.’ खाली ‘अगदी अगदी’ची रांग. म्हणून वेगळा धागा काढतेय.

तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिथे चारशेहून जास्त जागा उभ्याने बघणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. पूर्वी तीन-चार युरोत मिळायच्या, आता दहाच्या वर गेल्यात. तरी तुमच्या पुढच्या खुर्चीतल्या माणसाने दोनशेच्या वर मोजलेले असू शकतात. विक्री प्रयोगाच्या दिवशीच सकाळी ऑनलाइन उघडते, उरलेली तिकिटं संध्याकाळी खिडकीवर. मिळालं तर पार्टेअरचं, म्हणजे तळमजल्यावरचं घ्या, मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोब्बर खालचं. आत शिरल्या शिरल्या कठड्याला आपला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा. ती जागा तुमची झाली, मग खुशाल बाहेर चक्कर मारून या, कोणी हात लावत नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत ओळी येत राहतात. कपडे नीटनेटके असले की पुरे.

आणि वादक? व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑपेराच्याच वाद्यवृंदातून उभी राहते. नवीन वर्षाला आपण टीव्हीवर ज्यांना बघतो, ते तुमच्यासमोर रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून वाजवत असतात. मोसमात जवळजवळ रोज प्रयोग.

‘कळत नाही’ हे आपण तरी म्हणू नये. ही इमारत 1869 ला उघडली, आणि 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं. पदांसाठी पहाटेपर्यंत नाटकं बघणाऱ्यांची आपण नातवंडं-पतवंडं.

गोदाकाठ:
ताई, ‘दीड दिवसात’ मीच लिहिलं होतं, तेव्हा उत्तरही मीच देते. माझ्याबरोबर सत्तरी ओलांडलेले आईबाबा होते. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांना तीन तास कठड्याला टेकवून उभं करू? विगवाल्याच्या मैफलीत आम्हाला खुर्च्या मिळाल्या, दीड-पावणेदोन तासांत कार्यक्रम संपला, आणि आईला माहीत असलेल्या दोन-तीन धून लागल्या तेव्हा ती हाताने ताल धरत होती. शिवाय कार्यक्रम म्युझिकफरआइनच्या सोनेरी सभागृहात होता. ते सभागृह काय खोटं आहे का?

कोथरूडकर७:
मूळ मुद्दा तिकिटाचा नाहीच, जेवणाचा आहे. ग्रुप टूर म्हटली की संध्याकाळी साडेसहाला भारतीय जेवण. पडदा उघडतो सातच्या सुमारास. संपला विषय. आमच्या टूरमध्ये बस ऑपेराच्या दारावरून गेली, गाईड म्हणाला ‘डावीकडे ऑपेरा’, आणि पंचेचाळीस माणसं शहराच्या टोकाला पनीर खायला गेली. मी म्हटलं मला इथेच उतरवा, तर टूर मॅनेजर म्हणे, ‘साहेब, जेवण पॅकेजमध्ये आहे.’ लाखांनी पैसे भरून माणसं युरोपात जातात आणि संध्याकाळ, म्हणजे त्या शहराची खरी वेळ, पनीर बटर मसाल्यापुढे घालवतात. यावर कोणी बोलत नाही.

साधीभाकरी:
बोलते ना मी. सासरे इन्सुलिनवर आहेत, जेवण वेळेवरच लागतं. आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. ‘तिथलं खा की’ हे ज्यांना सगळं चालतं त्यांनी सांगू नये. व्हिएन्नात आम्ही एकदा बाहेर जेवलो. सूप मागवलं, वर धिरड्याच्या पट्ट्या तरंगत होत्या. सासऱ्यांना आवडलं, वाटी संपवली. बिल देताना कळलं की ते गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. सासूबाई दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. त्यानंतर आम्हाला पनीरच बरं वाटलं. नावं ठेवा खुशाल.

कोथरूडकर७:
मी शाकाहाराला नावं ठेवली नाहीत. जेवण साडेपाचला द्या, किंवा डबा बांधून द्या, एवढीच मागणी आहे. पण टूरवाल्यांना पंचेचाळीस डोकी एका टेबलावर मोजायची असतात.

साधीभाकरी:
‘पनीर खायला गेली’ हे कौतुकाने लिहिलं होतं का?

डॅन्यूबकाठी:
बरीच वर्षं व्हिएन्नात राहतोय, म्हणून मध्ये पडतो.

साधीभाकरीताई, तुमचा राग रास्त आहे, आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. तुम्ही घेतलंत ते सूप म्हणजे फ्रिटाटेनझुपे. इथला बटाट्याचा सॅलडही बऱ्याचदा गोमांसाच्या पाण्यात कालवतात, आणि ते मेन्यूवर लिहिलेलं नसतं. सूप आणि सॅलड, दोन्हींबद्दल वेगळं विचारा. चीज चालत असेल तर केझेश्पेत्स्ले मागवा, पण ओल्या पिठाच्या त्या गोळ्यांत अंडं असतं, तेही सांगून ठेवतो. पाणी विकत घेऊ नका. 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं, इथे सगळे तेच पितात.

कॉफीहाउसबद्दल कोणी लिहिलंच नाही. मेलांज, म्हणजे इथली दुधाची कॉफी, मागवली की छोट्या धातूच्या ट्रेमध्ये येते, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासावर चमचा पालथा ठेवलेला. एका कपावर दोन तास बसा, वर्तमानपत्रं लाकडी दांडीला लावलेली असतात ती चाळा, तुम्ही मागितल्याशिवाय कोणी बिल आणत नाही. कॅफे सेंट्रलबाहेर तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा श्पेर्लला जा, 1880 चं आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगली संस्कृती कुठली?

आता ऑपेरा. आपल्याकडे सुट्ट्या एप्रिल-मे. ऑपेरा बंद असतो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आपण येतो तेव्हा मोसम ऐन भरात असतो. आणि एप्रिल, मे, जून, सप्टेंबर या महिन्यांत बऱ्याच संध्याकाळी आतला प्रयोग ऑपेराच्या बाहेर मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. फुकट.

नाटकवेडी:
धन्यवाद, बाहेरचा पडदा माझ्या लिहिण्यातून निसटला होता. गोदाकाठ, सोनेरी सभागृह खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विगवाले सगळे तिथलीच तिकिटं विकत नाहीत. माझ्या मैत्रिणीला ‘राजवाड्यातली मैफल’ म्हणून तिकीट दिलं. कार्यक्रम एका बाजूच्या खोलीत, वाद्यवृंद म्हणून मोजकीच माणसं, आणि हिची खुर्ची खांबामागे. पैसे ऑपेराच्या उभ्या तिकिटाच्या चौपट. सभागृहाचं नाव तिकिटावर वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत, हे तुमच्या धाग्यात असायला हवं होतं.

गोदाकाठ:
सगळंच माझ्या धाग्यात असायला हवं होतं. मी प्रवासवर्णन लिहिलं, पाठ्यपुस्तक नाही. आणि तुमचा सूर बघा ना! ज्यांनी दीड दिवसात पाहिलं त्यांनी काही पाहिलंच नाही, असा. बाबांनी आयुष्यभर बँकेत नोकरी करून साठवलेल्या पैशांतून ती ट्रिप केली. त्यांना मोझार्टचा विग आवडला. त्यांच्या आनंदाची प्रत लावणारे आपण कोण?

नाटकवेडी:
बाबांच्या आनंदाला मी हात लावलेला नाही. माझा राग ‘आपल्यासाठी नाही’ या दोन शब्दांवर आहे. सवाईला भारतीय बैठकीवर, डिसेंबरच्या थंडीत, पाठीला टेकू नसताना तासन् तास बसतो ना आपण? गाणं ऐकण्यासाठी कष्ट घेणारा समाज आहे हा. त्याला जाण्याआधीच सांगायचं की हे तुझ्या आवाक्यातलं नाही? तुमचा धागा वाचून ज्या विशीतल्या मुलाने तो बेत सोडला असेल, त्याला तर उभं राहता येतं.

कोथरूडकर७:
बरोबर. आणि त्याला साडेसहाला जेवायला न्यायलाही कोणी नसतं.

साधीभाकरी:
पुन्हा जेवणावर आलात.

डॅन्यूबकाठी:
तिकिटाचीच अडचण असेल तर रविवारी सकाळी अकराला आउगुस्टिनरकिर्श या चर्चमध्ये जा. मास असतो, पुष्कळदा पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंदासह, हायडन, मोझार्ट, शूबर्ट. तिकीट नाही, बसायला बाकं आहेत, दानपेटीत द्यायचं ते द्या. पण ती प्रार्थना आहे, मध्येच उठून फोटो काढू नका. आपल्या लोकांना वेदीसमोर सेल्फी घेताना पाहिलंय, आणि मला मान खाली घालावी लागलीये.

गोदाकाठ:
हे चर्चचं कोणी आधी सांगितलं असतं तर बाबांना नक्की नेलं असतं. बाहेरच्या पडद्यासमोर बसायला खुर्च्या असतात का?

डॅन्यूबकाठी:
असतात, पण थोड्या. सुरू होण्याच्या बऱ्याच आधी जाऊन धरायच्या. उशिरा गेलात तर उभं राहावं लागेल. थंडी वाजते, मे महिन्यातसुद्धा, तेव्हा शाल घ्या.

गोदाकाठ:
ठीक. बहिणीचे सासू-सासरे मे महिन्यात जातायत, त्यांना पडदा, चर्च आणि ते सूप, तिन्ही कळवते. ‘आपल्यासाठी नाही’ ही ओळ धाग्यातून काढायला सांगते, तेवढं तुमचं खरं. विगवाल्या मैफलीबद्दल लिहिलेलं मात्र तसंच राहील.