मदत हवी आहे : छत्री (पॅराशूट) उघडण्यासाठी हात मागे नेताच शरीर वळते आणि दोऱ्यांना पीळ पडतो

नमस्कार.

मी सध्या एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल) पद्धतीने स्कायडायव्हिंगचे प्रशिक्षण घेत आहे. दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी हार्नेस (अंगाला आवळलेले पट्टे) धरून सोबत उडी मारतात तो टप्पा पूर्ण झाला असून आता एकच प्रशिक्षक बरोबर असतो, आणि मुक्तपतनाचा बराचसा वेळ तोही मला न धरता समोर किंवा बाजूला राहतो. याच टप्प्यावर एक अडचण पुन्हा पुन्हा येऊ लागली आहे. प्रशिक्षकांशी तिच्याविषयी सविस्तर बोलणे झाले आहे आणि यापुढेही होईल. परंतु ज्यांनी हा टप्पा स्वतः ओलांडला आहे किंवा जे इतरांना शिकवतात, त्यांच्याकडून त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

साधारण १३,००० फुटांवर विमानातून बाहेर पडल्यानंतर पहिल्या दहा-बारा सेकंदांत वेग वाढत जाऊन ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तोपर्यंत आणि त्यानंतरही माझी स्थिती चांगली असते. कंबर पुढे, मान वर, हात कोपरात वाकलेले आणि पाय गुडघ्यांत किंचित दुमडलेले, अशी शरीराची कमान टिकते. क्षितिज, अल्टिमीटर (उंचीमापक), प्रशिक्षक या क्रमाने नजर फिरवणे आता अंगवळणी पडले आहे. ठरवून दिलेली ९० अंशांची वळणे घेऊन हव्या त्या दिशेला थांबताही येते. पण ५,५०० फुटांवर दोन्ही हात हलवून इशारा द्यायचा आणि उजवा हात मागे नेऊन कंटेनरच्या (पाठीवरील छत्रीच्या पिशवीच्या) तळाशी असलेली पायलट शूटची, म्हणजे मुख्य छत्री बाहेर ओढणाऱ्या लहान छत्रीची, मूठ धरायची, तिथे सारे बिघडते. मूठ शोधण्यासाठी हात मागे जातो न जातो तोच उजवा खांदा खाली झुकतो आणि शरीर उजवीकडे वळू लागते. पायलट शूट हवेत फेकेपर्यंत हे वळण कधी पाव फेरीचे, कधी त्याहून अधिक झालेले असते. छत्री त्या वळणातच उघडते, आणि वर पाहावे तर दोऱ्यांना पीळ पडलेला असतो. अशा वेळी रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) मानेमागे इतके जवळ येतात की हेल्मेट त्यांना अडते आणि छत्री चौकोनी व स्थिर आहे की नाही हे पाहण्यासाठी मान नीट वर करता येत नाही. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच क्षण.

पीळ आतापर्यंत प्रत्येक वेळी सुटला आहे. ब्रेक (छत्री वळवण्याच्या व तिचा वेग कमी करण्याच्या दोऱ्या) जागच्या जागीच ठेवून दोन्ही हातांनी रायझर बाजूंना ताणायचे आणि पिळाच्या उलट दिशेने पाय झाडायचे, ही शिकवलेली पद्धत उपयोगी पडते. तरीही जो दोष दर उडीत येतो तो पीळ सुटल्यावर विसरून जाण्यासारखा नाही, असे मला वाटते.

प्रशिक्षकांच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्यातील चित्रण आम्ही एकत्र बसून पाहिले. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. उजवा हात मागे जात असताना डावा हात आहे तिथेच, म्हणजे खांद्याच्या बाजूला राहतो. आणि मूठ चटकन हाताला लागली नाही की मी मान वळवून मागे पाहण्याचा प्रयत्न करते. डावा हात त्याच वेळी डोक्यासमोर आणावा, असे प्रशिक्षकांचे म्हणणे आहे. जमिनीवर चाकांच्या फळीवर पालथे झोपून सराव करताना दोन्ही हात एकत्र हलतात, परंतु हवेत गेल्यावर डावा हात जणू आज्ञा ऐकतच नाही.

माझा पहिला प्रश्न याविषयीच आहे. डावा हात नेमका किती पुढे आणि किती उंचीवर असावा, आणि ही हालचाल हवेत आपोआप व्हावी यासाठी आपण कोणता सराव केलात?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूठ हातात आली आहे, पण शरीर वळू लागले आहे, अशा वेळी आधी हात पुढे आणून वळण थांबवावे आणि मग छत्री उघडावी, की वळत असतानाच पायलट शूट फेकावे? वळणात छत्री उघडली तर पीळ पडतो, हे अनुभवाने कळले आहे. त्यामुळे आधी स्थिर होण्याचा मोह होतो. दुसरीकडे, पूर्ण वेगात १,००० फूट साडेपाच सेकंदांत संपतात, हेही मनातून जात नाही.

याखेरीज दोन लहान शंका आहेत. उतरताना मी टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) थोडे लवकर ओढते, असे रेडिओवर मार्गदर्शन करणारे प्रशिक्षक सांगतात. तो अंदाज कसा सुधारावा? आणि परवाना मिळण्यापूर्वीच स्वतःचा संच (हार्नेस, कंटेनर आणि त्यातील छत्र्या) घ्यावा का? सध्या मी प्रशिक्षण केंद्राची २३० चौरस फुटांची छत्री वापरते. वापरलेला एक संच मला सुचवण्यात आला असून त्यातील मुख्य छत्री १९० चौरस फुटांची आहे. माझे वजन ७२ किलो आहे.

जाणकारांनी सवडीने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. छत्री उघडण्याबाबत प्राधान्याचा एक ठरलेला क्रम जगभर शिकवला जातो: पहिले म्हणजे छत्री उघडणे, दुसरे म्हणजे ती योग्य उंचीवर उघडणे आणि तिसरे म्हणजे स्थिर असताना उघडणे. स्थिरता तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि हे मी शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. मूठ हातात असेल आणि ठरलेली उंची आली असेल, तर वळण चालू असले तरी पायलट शूट फेका. हात पुन्हा पुढे आणायचा, वळण थांबवायचे, मग पुन्हा मूठ शोधायची, यात आपण ज्या उंचीचा हिशेब मांडला आहे तीच उंची खर्च होते, आणि दुसऱ्यांदा हात मागे गेला की तेच वळण पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. दोऱ्यांचा पीळ ५,००० फुटांवर सोडवता येतो, पण हातून गेलेली उंची परत मिळवता येत नाही. आपण आधी स्थिर होण्याच्या मोहाचा उल्लेख केला आहे. तो मोह आत्ताच, सवय होण्यापूर्वी, पूर्णपणे सोडून द्यावा, असे मी कळकळीने सांगतो.

आता वळणाचे कारण. मुक्तपतनात आपण हवेवर पालथे टेकलेले असतो आणि दोन्ही हातांखाली हवेचा सारखाच दाब असतो. उजवा हात मागे घेतला की त्या बाजूचा आधार निघून जातो, उजवा खांदा खाली जातो आणि शरीर त्या बाजूला वळते. शिवाय पुढचा आधार एकूणच कमी झाल्यामुळे डोकेही खाली झुकते. डावा हात डोक्यासमोर मध्यभागी आणला की उरलेला आधार शरीराच्या मध्यरेषेवर येतो, त्यामुळे खांदे समतल राहतात आणि डोकेही झुकत नाही. तळवा कपाळाच्या थोडा वर व पुढे, जमिनीकडे वळलेला आणि नजर हाताखालून क्षितिजावर, अशी स्थिती असावी. हात ताठ करू नये. ताठ हात संपूर्ण अंग ताठ करतो आणि ताठ अंग हवेत हेलकावे खाते.

चित्रणात आपण फक्त हात पाहिले असावेत. पुढच्या वेळी पाय पाहा. माझ्या अनुभवात अशा विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष मुठीवर गेले की पायांची जाणीव सुटते, एक पाय अधिक दुमडतो, आणि खांद्याने सुरू केलेले वळण पाय वाढवत नेतात. म्हणून हात मागे नेण्याच्या ठीक आधी, इशारा देत असतानाच, कंबर पुन्हा एकदा पुढे दाबायची आणि दोन्ही नडग्यांवर हवेचा दाब सारखा जाणवतो का हे पाहायचे. मान वळवून मूठ शोधणे मात्र थांबवा. मान वळली की खांदा वळतो. कंटेनरच्या खालच्या कडेवरून हात सरकवला की मूठ न पाहता सापडली पाहिजे. जमिनीवर पूर्ण संच अंगावर घालून, हातमोजे घालत असाल तर तेही घालून, डोळे मिटून हा सराव करा. विमानात बसण्यापूर्वी तर तो प्रत्येक वेळी करा, कारण पट्टे थोडे कमी-अधिक आवळले तरी मुठीची जागा बोटभर बदलते.

उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात (खालून वर सोडलेल्या हवेच्या झोतावर तरंगण्याच्या जागी) सराव करता आला तर अवश्य करा. तिथे छत्री उघडता येत नाही. पण हात मागे नेऊन पुन्हा जागेवर आणण्याची हालचाल एका सत्रात इतक्या वेळा करता येते की डाव्या हाताला निराळी आज्ञा द्यावी लागत नाही. प्रशिक्षकांनी परवानगी दिली तर उडीतही ७,००० फुटांच्या वर मुठीला नुसता स्पर्श करण्याचे दोन-तीन सराव मागून घ्या.

एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पीळ असूनही छत्री सरळ उडत असेल तर तो सोडवण्यास वेळ आहे. पिळाबरोबर छत्री एका बाजूला कलून गरगर फिरू लागली, तर उंची फार वेगाने संपते आणि तेव्हा पाय झाडत राहणे धोक्याचे ठरते. विद्यार्थ्यांसाठी निर्णयाची उंची सामान्यतः २,५०० फूट शिकवली जाते. आपल्या केंद्राने जी सांगितली असेल ती पाळा. त्या उंचीपर्यंत छत्री ताब्यात आली नसेल तर मुख्य छत्री हार्नेसपासून सोडवून टाकून राखीव छत्री उघडायची, आणि त्यानंतर दुसरा विचार करायचा नाही.

टॉगलविषयी थोडक्यात. नजर पायांखाली असेल तर जमीन अंगावर येत असल्याचा भास होतो आणि हात लवकर खाली येतात. नजर पुढे, तिरकी, क्षितिज आणि जमीन दोन्ही दिसतील अशी ठेवा आणि साधारण दहा-बारा फुटांवर ओढायला सुरुवात करा. लवकर ओढले गेले तर हात आहेत तिथेच थांबवा आणि जमिनीजवळ आल्यावर उरलेले ओढा. चूक लक्षात आली म्हणून टॉगल झटकन वर सोडू नका, कारण मग छत्री पुढे झेपावते आणि उतरणे पायांवर न होता अंगावर होते. पाय आणि गुडघे एकमेकांना जोडून लोळत उतरण्याची तयारी प्रत्येक वेळी ठेवा.

प्रतिसाद

मी छत्र्यांची तपासणी व दुरुस्ती करतो, त्यामुळे फक्त संचाविषयी लिहितो. आपले ७२ किलो आणि संचाचे साधारण १२ किलो धरले तर उडीचे वजन ८४ किलो, म्हणजे सुमारे १८५ पौंड होते. २३० चौरस फुटांवर हा भार दर चौरस फुटास ०.८ पौंड येतो आणि १९० वर तो ०.९७ होतो. १.० च्या आत असला तरी ही एकदम घेतलेली मोठी उडी आहे. छत्री लहान झाली की ती वेगाने पुढे जाते, टॉगलला लवकर प्रतिसाद देते आणि लवकर ओढल्याची चूक कमी माफ करते. पिळातही ती मोठ्या छत्रीपेक्षा अधिक चटकन फिरू लागते. आपल्या दोन्ही अडचणी याच ठिकाणी आहेत, म्हणून तूर्त हा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परवाना मिळाल्यावर केंद्राच्याच २१० च्या आसपासच्या छत्रीवर काही काळ उड्या माराव्यात आणि मग विचार करावा.

पुढे केव्हाही वापरलेला संच घ्याल तेव्हा पैसे देण्यापूर्वी तो परवानाधारक रिगरकडून (छत्र्या तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून) उघडून तपासून घ्या. हार्नेस आपल्या मापाचा आहे का हे आधी पाहा. सैल हार्नेसमध्ये उघडताना खांदे एका बाजूला सरकतात आणि मुठीची जागाही बदलते. राखीव छत्रीचे मापही मुख्य छत्रीइतक्याच काळजीने निवडा, कारण ती कदाचित बेशुद्ध अवस्थेत आपल्याला खाली आणणार असते. स्वयंचलित उघडणी यंत्राच्या (जमीन जवळ आली तरी पडण्याचा वेग जास्तच असेल तर राखीव छत्री आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या) निर्मितीची तारीख आणि त्याचा प्रकार बघा. सायप्रस हे १९९१ मध्ये आलेले यंत्र विद्यार्थ्यांसाठी आणि अनुभवी व्यक्तींसाठी वेगवेगळ्या प्रकारांत मिळते. विद्यार्थी प्रकार सेकंदाला १३ मीटर इतक्या कमी वेगालाही राखीव छत्री उघडतो, तर अनुभवींचा प्रकार ३५ मीटरची वाट पाहतो. विकत मिळणाऱ्या संचात बहुधा दुसरा प्रकार असतो, आणि आपण सध्या ज्या संरक्षणाच्या भरवशावर उडी मारता ते त्यात नसते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चित्रण पुन्हा पाहिले. इशारा देताना डावा पाय खरोखरच अधिक दुमडला जातो, आणि ते आतापर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते. संचाचा विचार सोडला आहे. एकच विचारते: इशारा देतानाच कंबर पुढे दाबायची म्हटल्यावर त्यात वेळ जातो, तर इशारा ५,५०० च्या आधी सुरू करावा का?

प्रतिसाद

होय, पण हे स्वतःच्या मनाने करू नका. ६,००० फुटांवर नजर अल्टिमीटरवर स्थिर करून, कंबर दाबून आणि पाय तपासून मगच ५,५०० ला इशारा द्यायचा, असे प्रशिक्षकांशी जमिनीवर ठरवून घ्या. आपल्या वर आणि बाजूला ते असतात. आपला हात केव्हा मागे जाणार हे त्यांना आधीपासून माहीत असले पाहिजे.