मदत हवी आहे: नायक बिघडला, असं प्रेक्षकांना किती वेळ वाटू द्यावं?

नमस्कार मंडळी. मी वडशाकडचा. दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, झाडीपट्टीचं (आपल्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचं) तीन अंकी नाटक लिहून राहिलो आहे. नायकाला मेलेली माणसं दिसतात. गुप्तधनासाठी नरबळी देणाऱ्या टोळीत शिरायला तो लालची झाल्याचं सोंग घेतो. पहिल्याच अंकात धानाच्या पुंजण्याला टेकून तो म्होरक्याने दिलेल्या नोटा थुंकी लावून मोजतो, अन् समोर उभ्या सख्ख्या बहिणीला ओळख देत नाही.

अडचण इथंच आहे. आपला खेळ रात्रभर चालतो. गुपित पहाटे फोडलं तर तोवर आयाबाया त्याला शिव्या देऊन उठून गेलेल्या असतील. आधी फोडलं तर भीतीच संपते. मेलेला आजा नातवाकडे पाठ फिरवतो, असा प्रवेश सुचला आहे. पण मेलेल्यालाही सोंग कळू नये, हे पटेल का?

शेवटी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली टोळी पकडली जाते. तो शेवट मी सोडणार नाही, कारण नाटक त्याचसाठी लिहितो आहे. मग नायकाला भुतं दिसणं त्याच्या आड येईल का? स्टेजवर काम केलेल्यांनी नक्की सांगा. तालीम तोंडावर आली आहे.