घोरणं कमी करायची छोटी शस्त्रक्रिया : नंतरच्या दिवसांचे अनुभव

सायली_मिरज : काल लग्नघरी हॉलमध्ये ओळीने गाद्या घातल्या होत्या. कोपऱ्यात मामा घोरायला लागले आणि मला २०१९ आठवलं. ह्यांच्या टाळूला रेडिओफ्रिक्वेन्सी केली होती, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने टाळू आवळतात ते. जागेवरची भूल, संध्याकाळी घरी. वाटलं, सुटलो. दुसऱ्या रात्री घोरणं आधीपेक्षा मोठं! पडजीभ सुजून द्राक्षाएवढी. मी उशाशी बसून श्वास ऐकत होते. सूज असेपर्यंत असं होतं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आठवड्यात सूज उतरली, खरा फरक दीड-दोन महिन्यांनी कळला. कुणी यातून गेलं असाल तर लिहा, पुढच्यांना धीर येईल.

रानवारा : कान!! घोट गिळला की कानात कळ. घशाची नि कानाची नस एकच म्हणे. मी कानात थेंब घालणार होतो, डॉक्टरांनी फोनवर थांबवलं.

अबोली : माझं नाकाचं. पडदा सरळ केला, टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतले फुगवटे, कमी केले. मिठाच्या पाण्याने दिवसातून चारदा नाक धुणं, खपल्या, शिंक तोंड उघडून, शिंकरायचं अजिबात नाही. उशाला दोन उशा. नवव्या दिवशी कुकरमधल्या भाताचा वास आला आणि रडूच आलं.

काकू_कुडाळ : पेज द्या, कोमट. गरम नको.

रानवारा : काकू, उकड्या तांदळाची ना?

काकू_कुडाळ : होय रे, उकडाच. मीठ बेताचं, घशाला झोंबतं.

निशिगंध : बाबांचं टाळूचं ठरलं होतं. आधी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास मोजायची तपासणी) केली, तर तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र. शस्त्रक्रिया राहिली, सीपॅप आलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. घोरतात म्हणून थेट टाळूवर जाऊ नका, कृपया.

ओवीची_आई : लेकीचे टॉन्सिल-ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) काढले. घशात पांढरा थर बघून पू समजले, धावत गेलो. खपलीच ती. पण ती सुटताना, साधारण आठवड्याने, रक्त आलं तर मात्र लगेच दवाखाना. गेल्या महिन्यात शाळेत उंचीला पुढे सरकली 🙂

अबोली : सायलीताई, मामांचं काय?

सायली_मिरज : सकाळी मामींशी बोलले. आवाज मध्येच थांबतो तेव्हा त्या हलवून जागं करतात, कित्येक वर्षं. निशिगंधचा प्रतिसाद वाचून दाखवला. मंगळवारची वेळ घेतलीय.

रानवारा : उकडा मिळाला. बहिणीसाठी पेज चढवलीय, तिचं काल झालं.