स्प्रिंग कॉम्प्रेसर: दोन दांड्यांचा घ्यावा की जबड्यांचा?

पाना१२
नमस्कार मंडळी. पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. एकातून तेल गळतंय. स्टिअरिंग जागेवर उभ्या गाडीत फिरवलं की वरून 'टण्ण' असा आवाज येतो, म्हणजे वरच्या माउंटचं (स्ट्रट बॉडीला जोडणाऱ्या भागाचं) बेअरिंगही संपलेलं दिसतंय. मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग एकाच जोडणीत. ब्रेक पॅड, बॉल जॉइंट वगैरे कामं मी स्वतःच करतो. टॉर्क रेंच, जॅक स्टँड सगळं आहे. फक्त शॉकअप बदलताना स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरला कधी हात लावला नाही. बाजारात एक दिसतो तो दोन सुट्या आट्यांच्या दांड्यांचा, प्रत्येकीवर वर-खाली हूक. दुसऱ्यात वक्र जबडे स्प्रिंगला कवेत घेतात आणि एकच स्क्रू फिरवायचा. पहिला बराच स्वस्त. मित्र म्हणतो, या वस्तूने माणसं मेलीत, नादी लागू नकोस. खरंच इतकं भय आहे का?

जुनाहात
भय आहे, पण ते कुठे आहे हे कळलं की काम करता येतं.

आधी हिशेब. स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात असं धरा आणि ती मोकळ्या लांबीपेक्षा १५० मिलिमीटर दाबलेली आहे असं समजा. जोर झाला ३७५० न्यूटन, म्हणजे जवळपास ३८० किलोचा. तुमच्या गाडीचा आकडा थोडा वेगळा असेल, पण मापाचा अंदाज येतो. हा सगळा जोर दोन-चार हुकांच्या टोकांवर असतो. त्यामुळे महाग-स्वस्त नंतर बघा, आधी हूक तुमच्या स्प्रिंगच्या तारेवर कसा बसतो ते बघा. तारेची जाडी मोजून घेऊन जा. हुकाची खोबण तारेला पोटापर्यंत घेत असेल तर ठीक. नुसत्या ओठावर धरत असेल तर तो तुमच्या कामाचा नाही, कितीही भारी असो. हूक निसटू नये म्हणून आडवी पिन किंवा कडी असलेलाच घ्या. नसेल तर चर्चाच संपली.

दोन दांड्यांचा वापरायचा तर दांड्या बरोब्बर समोरासमोर लावा आणि वर-खाली जितके जास्त वेढे हुकांत येतील तितके घ्या. आट्यांना भरपूर ग्रीस. मग साध्या रॅचेटने एका बाजूला दोन-तीन फेरे, दुसऱ्या बाजूला तितकेच. एका बाजूला पुढे पळालात की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हूक सरकायला लागतात. इम्पॅक्ट गन इथे अजिबात नको. आटे तापतात, घासून जाम होतात, आणि दाबलेल्या स्प्रिंगवर जाम झालेला कॉम्प्रेसर सोडवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. (व्हिडिओत सगळे गनच चालवतात, माहीत आहे. त्यांचं त्यांना लखलाभ.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या डोक्यावर कडेला दोन-तीन नट दिसतात आणि मधे एक. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट स्प्रिंगला धरतो. स्ट्रट गाडीतून काढताना फक्त कडेचे काढायचे. मधला पूर्ण काढायचा तो बाहेर आल्यावर, स्प्रिंग दाबून झाल्यावर. अपघात बहुतेक करून इथेच होतात.

आणि काम चालू असताना स्ट्रटच्या दोन्ही टोकांच्या रेषेत तोंड, छाती, दुसरा माणूस, काहीही नको. स्ट्रट आडवा असेल तर टोक भिंतीकडे.

काळंतेल
जुनाहात साहेबांशी सहमत, फक्त एक भर. स्प्रिंग सरळ नळीसारखी असेल तर दोन दांड्या चालतात. मधे फुगीर किंवा एका टोकाला निमुळती असेल तर हूक उतारावर बसतात आणि जोर आला की तारेवरून गोल सरकत एकमेकांकडे येतात. तिथे जबड्यांचाच घ्या, तोही स्प्रिंगच्या व्यासाला जुळणारा. आणि हुकाखाली जुन्या रबरी नळीचा तुकडा घालायचा मोह आवरा. रंग वाचतो, पण पकड जाते. रंग खरवडला तर नंतर लावा, नाहीतर तिथेच गंज धरून पुढे स्प्रिंग तुटते.

घाईनाही
दोन स्ट्रटसाठी अवजार कशाला घेता? स्ट्रट सोडवून गॅरेजला न्या. त्यांच्याकडे उभ्या चौकटीचा कॉम्प्रेसर असतो, डोळ्यांदेखत बदलून देतात. किंवा स्प्रिंग-माउंटसकट जोडलेला तयार स्ट्रट मिळत असेल तर तो बसवा, दाबादाबीच नको.

पाना१२
सगळ्यांचे आभार. स्प्रिंग मधे फुगीर आहे, तेव्हा जबड्यांचाच. तयार स्ट्रट माझ्या गाडीला मिळत नाही. दोन शंका. किती दाबलं की पुरे? आणि मधला नट फिरवताना शॉकअपचा आतला दांडाही गोल फिरला तर?

जुनाहात
वरचं सीट (स्प्रिंगचं टोक जिला टेकतं ती बशी) मोकळं होईपर्यंत, बस. रबर चिकटलेलं असतं, ते 'टक्' करून सुटतं आणि वरच्या सीटशी फट दिसते. हाताने स्प्रिंग जराशी डावी-उजवी हलली की थांबा. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत कधीच नाही.

दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटी बाजू असते. खाच ॲलन कीने, चपटी बाजू छोट्या पान्याने धरा आणि नट वाकड्या मानेच्या रिंग पान्याने फिरवा. पकडीने दांडा धरायचा नाही. त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर चरा पडला की नवीन शॉकअपचं सील तोच फाडतो.

जोडताना स्प्रिंगचं खालचं टोक सीटमधल्या पायरीला टेकलंय ना ते बघा, मगच कॉम्प्रेसर सोडा, तसाच आळीपाळीने किंवा हळूहळू. बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा) आणि धुळीचं बूट (दांड्यावरचं रबरी आवरण) आधी घालायचं विसरलात तर पुन्हा सगळं उघडावं लागेल. मधला नट नवा, टॉर्क मॅन्युअलमधला. खालचे नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करून ठेवा. तरी शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.