मदत हवी आहे: चॅटबॉटची एपीआय की नेमकी ठेवायची कुठे?

नमस्कार मंडळी. शब्दकोडी सोडवायला मदत करणारा एक छोटा चॅटबॉट बनवतोय. त्यासाठी एपीआय की, म्हणजे एआय सेवा आपल्या खात्यावर वापरू देणारा गुप्त संकेत, तयार केली. ती पूर्ण अशी एकदाच दिसते, म्हणून घाईघाईत कॉपी करून थेट जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये चिकटवली आणि कोड गिटहबवर (कोड साठवायच्या संकेतस्थळावर) सगळ्यांसाठी खुला टाकला. सकाळी त्या सेवेचं वापराचं पान उघडतो तर मी झोपेत असताना शेकडो विनंत्या गेलेल्या! धस्सच झालं.

ती ओळ पुसली, पण गिटच्या जुन्या नोंदींत ती तशीच राहते हे कळल्यावर ती एपीआय कीच रद्द केली. नवी की डॉट ईएनव्ही या वेगळ्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवली, ती फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घातली, महिन्याच्या खर्चाला मर्यादा लावली.

खरी अडचण पुढे आहे. बॉट ब्राउझरमध्येच चालतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडला तर ऑथरायझेशन हेडरमध्ये (विनंतीसोबत ओळख पटवायला जाणाऱ्या ओळीत) अख्खी की समोर! म्हणजे मध्ये स्वतःचा सर्व्हर हवाच ना? पण की सर्व्हरवर नेली तरी त्या सर्व्हरच्या पत्त्यावर कुणीही विनंत्यांचा मारा करू शकेल. तो कसा थांबवायचा? लॉगिन न ठेवता आयपीनुसार (इंटरनेटवरच्या पत्त्यानुसार) विनंत्यांवर मर्यादा घातली तर पुरते का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तोवर बॉट बंद ठेवलाय.