मदत हवी आहे: 'सुरक्षेचं कारण' देऊन नाकारलेल्या माहितीचं द्वितीय अपील

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेने पोलीस मदत केंद्राला दिलेल्या जागेचा मोजणी नकाशा आणि ना-हरकत ठरावाची नक्कल माहिती अधिकारात मागितली. उत्तर एका ओळीचं: "कलम ८(१)(क), गोपनीय." हे कलम देशाच्या सुरक्षेला बाधा आणणाऱ्या माहितीचं; इथे ते का लागू, याचं कारण दिलेलं नाही. प्रथम अपीलही तसंच फेटाळलं. ठराव ग्रामसभेचाच, तो गोपनीय कसा?

९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील करायचं आहे. मुद्दे असे: नकार योग्य होता हे सिद्ध करणं अधिकाऱ्यावर, कलम १९(५). इमारतीचा आतला आराखडा खुशाल झाका, पण गट नंबर, क्षेत्र, ठराव द्या, कलम १०. गोपनीयतेपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, कलम ८(२).

अडचण पुढे आहे. गोपनीय शिक्का खरा की नुसता मारलेला, हे आयोगाने मूळ फाईल स्वतः उघडून तपासावं. तो अधिकार कलम १८(४) मध्ये, पण शब्द 'तक्रारीच्या चौकशीदरम्यान' असे आहेत. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या मणिपूर निकालानुसार कलम १८ च्या तक्रारीत माहिती देण्याचा आदेश होत नाही, त्यासाठी कलम १९ चं अपीलच लागतं.

मग तक्रार आणि अपील दोन्ही वेगवेगळे दाखल करून एकत्र सुनावणी मागावी का? की अपिलातच फाईल मागवण्याची विनंती चालते? कुणाकडे अशा विनंतीचा मसुदा किंवा आदेशाची प्रत असेल तर कृपया द्या, नावं खोडून चालेल.